कमावलेले दिवस आणि मिळालेली क्षमा

न्यायाधीश शिक्षा सांगतो ती वर्षांच्या मापानें सांगतो. बंदिवान ती भोगतो ती दिवसांच्या मापानें. 'सात वर्षें' हे दोन शब्द उच्चारावयास क्षणही लागत नाहीं. तुरुंगाच्या भिंतीआड त्यांचे अडीच हजारांहून अधिक दिवस होतात, आणि त्यांतला प्रत्येक दिवस निराळा उजाडतो व निराळा मावळतो. ह्या दिवसांपैकीं कांहीं दिवस बंदिवानानें आपल्या श्रमानें व सद्वर्तनानें कमी करून घ्यावे, अशी सोय आज पुष्कळ देशांच्या कायद्यांत आहे. आपल्या देशांतही ती आहे, आणि सरकारी कागदांत व वर्तमानपत्रांत तिला 'शिक्षामाफी' असें नांव आहे.

हें नांव कानीं पडलें म्हणजे ख्रिस्ती मनांत एक अडचण उभी राहते. क्षमा विकत मिळत नाहीं, ती कृत्यांनीं कमावतां येत नाहीं, ती देवाची देणगी आहे, असें आपण गांवोगांव सांगत आलों. मग महिन्याकांठीं थोडे थोडे दिवस जमवून मिळविलेली ही माफी कोणत्या जातीची? जी कमावली तिला माफी म्हणावें काय? आणि ज्याच्या घरावर त्या मनुष्यानें दुःख आणिलें, त्या घरच्या माणसांचे दुःखाचे दिवस कोण कमी करितो? हे प्रश्न केवळ वकिलांचे नव्हेत. एखादा बंधु ठरल्या मुदतीच्या आधीं सुटून गांवीं येतो आणि रविवारीं उपासनेस येऊन बसतो, तेव्हां त्याच्या शेजारीं कोण बसणार हा प्रश्न उपदेशकापुढें येऊन उभा राहतोच. त्या वेळीं घाईनें उत्तर देण्यापेक्षां आधींच शांतपणें विचार करून ठेवावा हें बरें.

प्रथम ही सोय कशी चालते तें पाहूं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यानें सन १८१७ मध्यें चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षा कमी करण्याचा कायदा केला. अशा कायद्यांपैकीं तो अगदीं आरंभींचा होय. आपल्या देशांत १८९४ च्या कारागृह कायद्यानें सरकारास यासंबंधीं नियम करण्याचा अधिकार दिला. कैद्यांस गुण देणें आणि त्या गुणांच्या योगानें त्यांची शिक्षा कमी होणें, ह्याविषयींचे जे नियम ती ही पद्धति, अशा अर्थाची व्याख्या त्या कायद्यांत आहे. तुरुंगाचे नियम पाळून व नेमून दिलेलें काम पुरें करून कैदी महिन्यागणिक कांहीं दिवस आपल्या नांवावर जमा करितो. अपराध केला तर जमा झालेले दिवस कापले जातात.

जन्मठेपेविषयीं मात्र एक मर्यादा आहे, आणि तिच्यासंबंधानें खेड्यापाड्यांत मोठा गैरसमज आहे. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षें' असें लोक म्हणतात. तें बरोबर नाहीं. जन्मठेप म्हणजे जन्मभर. ज्या अपराधास फांशीचीही शिक्षा होऊं शकते, अशा अपराधाबद्दल जन्मठेप झालेल्या मनुष्यानें, त्याच्या नांवावर कितीही दिवस जमा असले तरी, प्रत्यक्ष १४ वर्षें तुरुंगांत काढलींच पाहिजेत, असें संसदेनें १९७८ सालीं ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें १९८० मध्यें तें मान्य केलें, आणि जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या संहितेंतही तें कायम ठेविलें आहे. म्हणून १४ वर्षें ही सुटकेची तारीख नव्हे. त्यापूर्वीं सुटकेचा विचार होऊं नये अशी ती हद्द आहे. ज्या कुटुंबाचा मनुष्य आंत आहे त्या कुटुंबास हें नीट समजावून सांगणें हीही दयाच आहे. कारण खोट्या तारखेची वाट पाहणारें घर दोनदां खचतें.

परदेशीं ह्या झाडाला निरनिराळ्या फांद्या फुटल्या आहेत. ब्राझील देशांत तीन दिवस काम केल्यास एक दिवस कमी होतो. बारा तास अभ्यास केल्यासही एक दिवस कमी होतो. आणि २०१२ पासून तेथील मध्यवर्ती सरकारच्या तुरुंगांत एक पुस्तक वाचून त्याविषयीं स्वतःच्या शब्दांत लिहून दिलें तर चार दिवस, याप्रमाणें वर्षाला बारा पुस्तकांचे ४८ दिवस कमी होऊं शकतात. अमेरिकेंत डिसेंबर २०१८ मध्यें झालेल्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मध्यवर्ती सरकारच्या तुरुंगांतील जो कैदी शिक्षणाच्या, व्यसनमुक्तीच्या किंवा कामधंद्याच्या नेमलेल्या वर्गांत भाग घेतो, त्यास अशा प्रत्येक ३० दिवसांमागें १० दिवस जमा मिळावे. आणि ज्याच्या हातून पुन्हां अपराध होण्याचा संभव थोडा आहे व थोडाच राहतो, त्यास १५ मिळावे. कांहीं घोर अपराधांचे कैदी ह्या सवलतीच्या बाहेर ठेविले आहेत. शिवाय हे दिवस शिक्षा पुसून टाकीत नाहींत. ते कैद्यास भिंतीबाहेर, परंतु देखरेखीखालीं, लवकर नेतात.

ह्या गुणांच्या कल्पनेमागें एका मनुष्याची गोष्ट आहे. ती सांगितल्यावांचून आमचें म्हणणें पुरें होणार नाहीं. अलेक्झांडर मॅकॉनोची हा स्कॉटलंडचा राहणारा, इंग्रजी आरमारांतील अधिकारी. नेपोलियनशीं चाललेल्या लढायांत तो फ्रेंचांच्या हातीं सांपडला आणि १८११ पासून १८१४ पर्यंत युद्धकैदी होता. बंदिवास म्हणजे काय हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. मार्च १८४० मध्यें तो नॉरफोक बेटाचा मुख्य अधिकारी होऊन तेथें उतरला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस भर समुद्रांत हें लहानसें बेट आहे. इंग्लंडांतून हद्दपार केलेले आणि वसाहतींत गेल्यावर पुन्हां अपराध केलेले लोक तेथें ठेवीत. जड बेड्या आणि चाबूक हाच तेथला कारभार. १८३४ सालीं त्या बेटावर बंड झालें. त्यानंतर कैद्यांस भेटावयास गेलेल्या एका धर्मगुरूनें लिहून ठेविलें आहे कीं, ज्यांची फांशी रद्द झाली ते रडूं लागले आणि ज्यांची कायम झाली त्यांनीं देवाचे आभार मानिले. जेथें जगणें मिळालें म्हणून मनुष्य रडतो, तेथें शिक्षेनें त्याच्या आंतलें काय मारून टाकिलें असेल ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

मॅकॉनोचीचें म्हणणें सरळ होतें. मनुष्याला काळाची शिक्षा दिली तर तो काळ कसा तरी ढकलतो. आळस केला काय आणि श्रम केले काय, सूर्य तितकाच हळू चालतो. म्हणून त्याला कामाची शिक्षा द्यावी आणि ती गुणांत मोजावी. सात वर्षांच्या शिक्षेस ६,०००, दहा वर्षांच्या शिक्षेस ७,००० आणि जन्मठेपेस ८,००० गुण, असा हिशोब त्यानें मांडला. दररोजच्या कामाबद्दल व वागणुकीबद्दल गुण जमा व्हावे. दोषाबद्दल पाठीवर चाबूक न मारतां जमेंतून गुण कापावे. साध्या शिध्याहून अधिक कांहीं पाहिजे असेल तर तेंही ह्याच गुणांतून विकत घ्यावें. म्हणजे जो आज जिभेसाठीं गुण खर्ची घालील तो उद्यां दारापासून तितका दूर राहील. पुढच्या पायरीवर सहा सहा जणांचा गट करून एकाच्या दोषाचा भार सर्वांच्या जमेवर पडावा, अशीही त्याची योजना होती. आपण आपल्या भावाचे राखणदार आहों, हा धडा अशा रीतीनें त्या कठोर माणसांस शिकवावा अशी त्याची इच्छा होती.

त्यानें तेथें दोन उपासनामंदिरें बांधविलीं, पुस्तकें आणविलीं, आणि मेलेल्या कैद्याच्या थडग्यावर नांवाचा दगड बसविण्याची मोकळीक दिली. २५ मे १८४० रोजीं राणीच्या वाढदिवसानिमित्त त्यानें सर्व कैद्यांस दिवसभर बेटावर मोकळें सोडिलें. त्यांनीं पोटभर जेवण केलें, नाटक केलें, रात्रीं दारूकाम पाहिलें. आणि परतण्याचें शिंग वाजतांच सगळे मुकाट्यानें आपापल्या जागीं परत गेले. कोणतीही गडबड झाली नाहीं. परंतु ही वार्ता सिडनीस पोंचली तेव्हां लोकांनीं कौतुक न करितां ओरडच केली.

ह्यापुढचा भाग अधिक मनांत धरण्याजोगा आहे. मॅकॉनोचीपाशीं गुण देण्याचा अधिकार होता. गुण भरले म्हणून मनुष्यास सोडण्याचा अधिकार नव्हता. जुन्या कैद्यांस ही पद्धति लागूं करूं नये असा वरून हुकूम आला. वहींत गुण जमत गेले, परंतु दार उघडलें नाहीं. १८४३ मध्यें गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स स्वतः बेटावर गेले, आणि जें पाहिलें त्याविषयीं त्यांनीं पुष्कळ अनुकूल लिहिलें. परंतु तोंपर्यंत मॅकॉनोचीस परत बोलाविण्याचें लंडनांत ठरून गेलें होतें. १८४४ मध्यें तो गेला आणि जुना कारभार परत आला. १८४६ मध्यें कैद्यांचीं स्वयंपाकाचीं भांडीं काढून घेतल्यावरून दंगा झाला. त्यांत चार माणसें मारलीं गेलीं आणि पुढें १२ कैद्यांस एकाच दिवशीं फांशी दिलें. मॅकॉनोची १८६० मध्यें वारला. त्याची कल्पना मात्र राहिली. सर वॉल्टर क्रॉफ्टन यांनीं १८५४ पासून आयर्लंडांत ती पायरीपायरीनें चालविली. आणि आपल्या १८९४ च्या कायद्यांतील 'गुण' ह्या शब्दांतही तिचाच पडसाद आम्हांस ऐकूं येतो.

ह्या गोष्टीवरून आम्हांस शास्त्रांतील लाबानाची आठवण होते. याकोबानें सात वर्षें चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. कारण शेवटीं काय मिळणार हें त्याला ठाऊक होतें. आशा असली म्हणजे वर्ष दिवसाएवढें होतें. परंतु लाबानानें शब्द फिरविला, आणि वेतनही वारंवार बदललें. बंदिवानाला 'इतकें कर म्हणजे इतके दिवस सुटतील' असें सांगणें हें वचन आहे. असें वचन देऊन तें न पाळणें हें मुळींच न देण्यापेक्षां वाईट. कारण त्यानें दुर्बळाच्या मनांतील सत्यावरचा विश्वासच मोडतो. अमेरिकेचा वर सांगितलेला कायदा २०१८ च्या अखेरीस झाला. परंतु दिवस कसे मोजावे व कसे लावावे ह्याचे शेवटचे नियम जानेवारी २०२२ मध्यें निघाले. मोजणाऱ्या कचेरीला तीन वर्षें म्हणजे कागदाचा प्रवास. ज्याचे दिवस मोजावयाचे त्याला तीं तीन वर्षेंच.

आतां हरकतींकडे वळूं. पहिली हरकत अशी कीं, ह्या सुटीनें न्यायाला उणेपणा येतो. ज्याला दहा वर्षें सांगितलीं त्यानें दहा भोगलीं नाहींत, तर न्यायाधीशाच्या शब्दाला किंमत काय? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, न्यायाधीश शिक्षा सांगतो तेव्हां सुटीचा कायदाही त्याच्या समोर असतोच. कैदी शिक्षेला फसवून बाहेर येत नाहीं; शिक्षेच्याच अटींप्रमाणें बाहेर येतो. दिवस मोजणें व मोजून कमी करणें हें शास्त्रासही परकें नाहीं. लेवीय पुस्तकांत गरिबीमुळें परक्याला विकला गेलेल्या इस्राएलाविषयीं सांगितलें आहे, कीं योबेल वर्षास किती वर्षें उरलीं तें मोजून त्याच्या सुटकेचें मोल ठरवावें. तो मनुष्य अपराधी नव्हता, कर्जबाजारी होता, हें खरें; तरी कोणाचेंही बंधन अमर्याद नसावें आणि सुटकेचा हिशोब धन्याच्या लहरीवर नसावा, हें तत्त्व त्यांत आहे.

परंतु ह्या हरकतीच्या पोटीं एक खरी वेदना आहे, ती आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचें काय? सन २००२ मध्यें गुजराथेंत झालेल्या दंगलींतील एका अत्यंत घोर अपराधाबद्दल ११ जणांस मुंबईच्या न्यायालयानें २००८ सालीं जन्मठेप दिली होती. ऑगस्ट २०२२ मध्यें गुजराथ सरकारनें त्यांस सोडिलें, आणि बाहेर आल्यावर त्यांस हार घालण्यांत आले, मिठाई देण्यांत आली. जिच्यावर अत्याचार झाला ती स्त्री पुन्हां न्यायालयाच्या पायऱ्या चढली. जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रांत चालला असल्यामुळें हा निर्णय करण्याचा अधिकार गुजराथ सरकारास नव्हताच, असें ठरलें, आणि त्या ११ जणांस परत तुरुंगांत जावें लागलें. श्रमानें दिवस कमावणें निराळें आणि सत्तेच्या मर्जीनें सुटणें निराळें. पहिल्यांत नियम आधीं ठाऊक असतो, तो सर्वांस सारखा असतो, आणि त्यासाठीं कैद्यास रोज कांहीं तरी करावें लागतें. दुसऱ्यांत ह्यांपैकीं कांहींच नसलें तरी चालतें. म्हणून हिशोबाच्या वहीला तुच्छ लेखूं नये. गरीब, ओळखपाळख नसलेल्या कैद्याचें ती रक्षण करिते. आणि सुटणाऱ्याच्या गळ्यांत हार घालणें हें तर जखमेवर मीठच. जक्कयाच्या घरीं प्रभु गेला तेव्हां जक्कयानें हार मागितले नाहींत. ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत देण्याची गोष्ट त्यानें काढिली.

दुसरी हरकत अशी कीं, दिवस मिळतात म्हणून कैदी चांगला वागतो. हें ढोंग आहे, पश्चात्ताप नव्हे. ढोंगाचा धोका आहे ह्यांत संशय नाहीं. पुस्तक वाचणारा सुटीसाठीं वाचील, प्रार्थनेस बसणारा अधिकाऱ्याच्या डोळ्यांसाठीं बसेल. मनुष्य पुन्हां अपराध करील कीं नाहीं हें अमेरिकेंत अंकांनीं ठरवूं पाहतात. परंतु अंतःकरणाचें वजन करणारा कांटा अजून कोणी घडविला नाहीं, आणि सरकारानें तो घडवूंही नये. सरकारानें हातांचें काम पाहावें. हृदय पाहणारा एकच आहे.

आणि उद्देशांविषयीं बोलतांना आपण, महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांनीं, जरा जपून बोलावें. १८७७ च्या आणि १९०० च्या दुष्काळानंतर आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळजण मंडळींत आले. तेव्हां लोक त्यांस काय म्हणत? 'पोटासाठीं बाटले' असें म्हणत. कोणी भाकरीच्या आशेनें आला असेल, कोणी शाळेच्या, कोणी पाणवठ्यावरच्या अपमानांतून सुटण्याच्या. देवानें त्यांचे उद्देश गाळून घेतले नाहींत. त्यानें त्यांस आंत घेतलें आणि पुढें कित्येक वर्षें शिकविलें. ज्या आजोबानें पहिल्यानें दाण्यांसाठीं शास्त्र ऐकिलें, त्याचाच नातू आज तें शास्त्र दुसऱ्यांस सांगतो. मग सुटीच्या आशेनें अक्षरें गिरवूं लागलेल्या कैद्याला आपण 'ढोंगी' म्हणून कोणत्या तोंडानें झिडकारावें? पुष्कळदां हात आधीं वळण घेतात आणि मन मागाहून येतें. मॅकॉनोचीलाही एवढेंच हवें होतें, कीं मनुष्यास रोज स्वतःला आवरण्याची संवय लागावी. संवय म्हणजे पश्चात्ताप नव्हे. परंतु पश्चात्तापाला उभें राहण्यास ती जागा करून देते.

तिसरी हरकत आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. कमावलेली माफी आणि कृपेची शिकवण ह्यांचा मेळ कसा घालावा? आमचें उत्तर असें कीं, नांवामुळें गोंधळ झाला आहे. कैदी जे दिवस कमावतो तें त्याचें वेतन आहे. तें त्याला क्षमा म्हणून मिळत नाहीं, हक्क म्हणून मिळतें. म्हणूनच तें अडवून ठेवणें हा अन्याय होतो. क्षमा ह्याच्या अगदीं पलीकडची वस्तु आहे. प्रभूच्या शेजारीं वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराजवळ कमावण्यास एकही दिवस शिल्लक नव्हता. तरी त्याला मिळालें. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत एकाच धन्याच्या ठायीं दोन्ही गोष्टी दिसतात. सकाळीं आलेल्यांशीं जें ठरलें होतें तें त्यानें पुरें दिलें, त्यांत एक दमडी कमी केली नाहीं. आणि सायंकाळीं आलेल्यांस त्यानें आपल्या चांगुलपणानें दिलें. वेतन बुडविणारा कृपेच्या गोष्टी सांगूं लागला तर त्यावर कोणी विश्वास ठेवूं नये. आणि वेतन मिळालें म्हणून कृपेची गरज नाहीं असेंही कोणी समजूं नये.

ह्यावरून दोन इशारे निघतात. जो बंधु आपले दिवस कमावून बाहेर आला त्यानें 'माझें सर्व फिटलें' असें म्हणूं नये. सरकारचें देणें फिटलें. ज्या विधवेचा आधार त्यानें तोडला तिचें देणें कोणत्याही वहींत मांडलेलें नाहीं, आणि देवापुढें तर त्याला आपल्यासारखेंच रिकाम्या हातांनीं उभें राहावयाचें आहे. दुसरा इशारा आपल्या मंडळ्यांस आहे, आणि तो अधिक कडक आहे. सरकार दिवस वजा करितें. गांव दिवस वाढवितें. कायद्यानें ठरविलेली मुदत संपली तरी गांवाची शिक्षा चालूच राहते. त्याला मजुरीस कोणी बोलावीत नाहीं. त्याच्या मुलीला स्थळ येत नाहीं. मुलगा शाळेंत गेला कीं बापाच्या गुन्ह्याच्या नांवानें त्यास हांक मारितात. ही वही कोण लिहितो? तिला शेवटचें पान आहे काय? नॉरफोक बेटावरील सरकारनें गुण भरलेल्या माणसाला दार उघडलें नाहीं म्हणून आपण हळहळतों; आणि आपल्या दारावर तोच मनुष्य उभा असतां आपण कडी लावून घेतों.

भिंतीवांचूनही मनुष्य राखतां येतो ह्याची साक्ष आपल्याच मुलखांत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ मध्यें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची वसाहत बसविली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनीं तेथें बायकामुलांसह राहावें आणि शेती करावी अशी ती व्यवस्था. पुढें १९५७ मध्यें व्ही. शांताराम यांनीं 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढिला तो ह्याच प्रयोगावरून सुचलेला. येरवडा व पैठण येथेंही खुलीं कारागृहें निघालीं. ज्याला रोज सायंकाळीं स्वतःच्या मुलाचें तोंड पाहावयाचें आहे, त्याला बांधण्यास लोखंडाची बेडी लागत नाहीं.

आतां आपण काय करावें? उपदेशक बंधूंस आमच्या कांहीं सूचना आहेत. मनुष्य आंत असतांनाच त्याच्याशीं पत्रव्यवहार ठेवा. ज्याला पत्र येतें त्याला दिवस मोजण्यास कारण मिळतें. संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळावयाची तर जामीन लागतो, आणि गरिबाला जामीनच मिळत नाहीं. अशा वेळीं मंडळींतील दोन भरंवशाचीं माणसें उभीं राहिलीं तर तो मोठा धर्म होईल. त्याच्या बायकामुलांचें अन्नवस्त्र, मुलांची शाळा, ह्यांकडे पाहा; त्यांना शिक्षा झालेली नाहीं.

परंतु त्याच्याही आधीं ज्या घरावर अन्याय झाला त्या घरीं जा. सुटकेची बातमी त्यांस बाजारांत कोणाच्या तरी तोंडून कळूं नये. ती तुम्ही, त्यांच्या ओसरीवर बसून, सांगावी. क्षमा करा असा आग्रह त्यांस करूं नका. ज्याची जखम आहे त्यानेंच ती केव्हां उघडावी व केव्हां बांधावी हें ठरवावें. त्यांस भीति वाटत असेल तर ती खरी मानून त्यांच्या रक्षणाची व्यवस्था आधीं करा. त्यांनीं उपासनेस येण्याचें सोडावें आणि सुटून आलेल्यानें त्यांच्या जागीं बसावें, असें कधींही होऊं देऊं नका.

मनुष्य घरीं आला म्हणजे त्याला हार नको आणि व्यासपीठही नको. आल्याआल्या त्याला साक्ष देण्यास उभें करूं नका. त्यायोगें त्याच्या मनाला मोह होतो आणि ज्यांचें नुकसान झालें त्यांस घाव बसतो. त्याला काम द्या, सतरंजीवर जागा द्या, आजारी पडला तर विचारपूस करा. विश्वास मात्र पायरीपायरीनें द्या. मंडळीचा पैसा किंवा मुलांचा वर्ग पहिल्याच महिन्यांत त्याच्या हातीं देणें ही दया नव्हे, निष्काळजीपणा आहे. विश्वासाचे गुण त्यानें कमवावे. प्रीतीचे गुण ठेवूं नका.

पौलानें फिलेमोनाला जें पत्र लिहिलें त्यांत हिशोबाचीच भाषा आहे. अनेसिम पळून गेलेला दास. त्यानें धन्याचें कांहीं नुकसानही केलें असावें. पौल तें नाकारीत नाहीं, झांकीत नाहीं, आणि फिलेमोनानें तें सोडून द्यावें असा हुकूमही करीत नाहीं. जें देणें असेल तें माझ्या नांवावर मांड, एवढेंच तो स्वतःच्या हातानें लिहून देतो. मॅकॉनोचीच्या सहा जणांच्या गटांत एकाचें उणें सर्वांच्या जमेवर पडे. मंडळी म्हणजे तरी दुसरें काय? परत येणाऱ्या बंधूचें उणें भरून काढण्यास आपल्या जमेंतलें कांहीं देण्याची ज्या मंडळीची तयारी नाहीं, तिनें आपल्यावरील कृपेचा हिशोब एकदां पुन्हां वाचून पाहावा.

आपल्या गांवचा कोणी आंत असेल तर ह्या आठवड्यांत त्याच्या घरीं जा. आणि ज्यांचें त्यानें नुकसान केलें त्यांच्या घरींही जा. दोन्ही घरीं सारख्याच नम्रतेनें बसा. ज्यानें बंदिवानांच्या सुटकेची घोषणा केली आणि जो स्वतः बंदिवान होऊन मेला, तो प्रभु दोन्ही उंबरठ्यांवर तुमच्याबरोबर असो.